एक संगणक, चार बिऱ्हाडे

संगणक म्हटला की एक पडदा, एक कळफलक आणि त्यापुढे बसलेली एक व्यक्ती असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु एकाच संगणकाला चार पडदे व चार कळफलक जोडावेत, चार मुलांनी त्यावर एकाच वेळी चार निरनिराळे खेळ खेळावेत आणि एकाचा उपद्रव दुसऱ्यास होऊ नये, अशी व्यवस्था आज करता येते. एखाद्या शाळेने अथवा युवक मंडळाने वर्गणी जमवून संगणक-कक्ष उभारावयाचे ठरविले, तर चार संगणकांऐवजी एकच मोठा संगणक घ्यावा काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. पैसा लोकांचा असल्याने निर्णय समजून-उमजूनच झाला पाहिजे. त्या दृष्टीने या तंत्राची ओळख येथे करून देत आहोत.

आभासी यंत्र म्हणजे काय ?

जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडे नांदत असत. जोते एक, छप्पर एक, विहीर एक. पण प्रत्येकाचा उंबरठा वेगळा आणि संसारही वेगळा. संगणकातील आभासी यंत्राची कल्पना नेमकी अशीच आहे. यंत्र एकच असते. परंतु एक विशेष आज्ञाप्रणाली त्याचा प्रोसेसर व स्मृती यांची वाटणी करून देते. प्रत्येक वाट्यात स्वतंत्र संगणकाप्रमाणे निराळी कार्यप्रणाली चालते. वाटणी करणारा तो घरमालक आणि आत नांदणारे ते बिऱ्हाडकरू, असे समजण्यास हरकत नाही.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील आयबीएम या कंपनीच्या केंब्रिज येथील विज्ञान केंद्रात १९६० नंतरच्या दशकात तिचा पाया घातला गेला व १९७२ साली 'व्हीएम/३७०' ही प्रणाली ग्राहकांसाठी जाहीर झाली. एक महागडे यंत्र अनेकांना वापरता यावे, हाच तेव्हाचाही हेतू होता. लहान संगणकांच्या प्रोसेसरमध्ये यासाठी लागणारी सोय इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये आणली. २००७ मध्ये 'केव्हीएम' ही वाटणी करणारी प्रणाली लिनक्समध्ये समाविष्ट झाली. लिनक्स विनामूल्य असल्याने ही विद्या सर्वसामान्य हौशी लोकांच्याही हाती आली.

चूल ज्याची त्याला

प्रोसेसरचा वेळ आणि स्मृती यांची वाटणी सोपी आहे. अडचण येते ती चित्रांच्या बाबतीत. आधुनिक खेळांतील दृश्ये सेकंदाला साठ किंवा त्याहून अधिक वेळा नव्याने रेखाटावी लागतात. हे काम ग्राफिक्स कार्ड करते. काही खास व महाग कार्डे अनेकांत विभागता येतात. बाजारातील साधे कार्ड मात्र सहसा एका वेळी एकाच यंत्राचे होऊन राहते. विहीर सामाईक चालते, पण चूल ज्याची त्याला हवी, तसाच हा प्रकार आहे. म्हणून चार खेळाडू असतील तर चार कार्डे बसवून प्रत्येक आभासी यंत्रास एकेक कार्ड संपूर्णपणे सोपवून द्यावे लागते.

येथे एक धोका संभवतो. ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट स्मृतीत लिहू शकते. त्यास मोकळे सोडल्यास ते शेजारच्या बिऱ्हाडाच्या स्मृतीतही ढवळाढवळ करील. त्यासाठी 'आयओएमएमयू' नावाचा पहारेकरी प्रोसेसरमध्ये बसविलेला असतो. कार्डाने मागितलेला पत्ता त्याच्याच बिऱ्हाडाचा आहे की नाही, हे तो प्रत्येक वेळी तपासतो. हा पहारेकरी उपकरणांचे गट पाडतो आणि एका गटातील सर्व उपकरणे एकाच बिऱ्हाडास द्यावी लागतात. स्वस्त मदरबोर्डावर दोन कार्डे एकाच गटात पडल्याचे पुष्कळदा आढळते आणि मग वाटणीच होत नाही. खरेदीपूर्वीच याची चौकशी करणे इष्ट.

चौघांसाठी काय लागेल ?

साधा हिशेब मांडू. प्रत्येक खेळाडूस प्रोसेसरचे चार गाभे धरल्यास सोळा होतात. घरमालकासाठी आणखी दोन-चार राखावे लागतात. स्मृती प्रत्येकी १६ जीबी धरल्यास ६४ जीबी व वर थोडी. कार्ड सोपवून दिलेल्या आभासी यंत्राची स्मृती आरंभीच पूर्ण बांधली जाते. त्यात उधारउसनवार चालत नाही. साध्या प्रोसेसरमध्ये कार्डांकडे जाणाऱ्या वाटाही मोजक्याच असतात. चार कार्डांसाठी कार्यशाळा-वर्गाचा अथवा सर्व्हरचा प्रोसेसर घ्यावा लागतो व तेथेच किंमत चढते. शिवाय चार पडदे, चार कळफलक व चार माऊस हे आलेच. ध्वनीची सोय मात्र बहुधा कार्डाबरोबरच होते, कारण तो चित्रासोबत त्याच तारेतून पडद्याकडे जातो.

विजेचा विचार विशेष करावा. प्रत्येक कार्ड २०० वॉट खाते असे धरले तरी चारांचे ८०० आणि प्रोसेसर व इतर भागांचे मिळून एकूण १,२०० वॉटच्या घरात आकडा जातो. घरातील ६ अँपिअरचा साधा प्लग २३० व्होल्टवर १,३८० वॉटपर्यंतच भार पेलतो. त्यावर इतका भार सतत ठेवणे योग्य नव्हे. १६ अँपिअरचा प्लग व उत्तम अर्थिंग हवे. पाच तास पूर्ण भाराने चालविल्यास सहा युनिटे जळतील.

लाभ आणि मर्यादा

कॅनडातील 'लायनस टेक टिप्स' या मंडळींनी २०१६ मध्ये दोन प्रोसेसर व सात कार्डे असलेल्या एकाच संगणकावर सात जणांना खेळवून दाखविले. प्रयोग यशस्वी झाला. पण तो काटकसरीचा नव्हता, हेही ध्यानी घ्यावे. एनव्हिडियाची घरगुती कार्डे तर २०२१ पर्यंत आपण आभासी यंत्रात आहोत असे ओळखताच काम नाकारीत. ती अडचण आता दूर झाली आहे. काही ऑनलाइन खेळ मात्र लबाडी रोखण्याच्या हेतूने आभासी यंत्रांना आजही प्रवेश देत नाहीत. प्रत्येक बिऱ्हाडातील कार्यप्रणालीचा परवानाही स्वतंत्र घ्यावा लागतो.

लाभही आहेत. देखभाल एका ठिकाणी होते. बिघडलेले आभासी यंत्र जतन केलेल्या प्रतीवरून थोड्या वेळात पूर्ववत करता येते. सकाळी अभ्यासासाठी व सायंकाळी खेळासाठी वाटणी बदलता येते. परंतु वाड्याची तुळई मोडली तर चारही बिऱ्हाडे उघड्यावर येतात, हे विसरून चालणार नाही. वीजपुरवठ्याचा एक भाग जळाला की चारही पडदे एकदम काळे होतात, तर चार स्वतंत्र संगणकांपैकी एक बंद पडल्यास तिघांचे काम चालू राहते.

म्हणून शिफारस अशी की, केवळ लेखन, वाचन व हिशेब शिकवावयाचे असल्यास चार साधे संगणकच घ्यावेत. जेथे यंत्राची जाण असलेला शिक्षक अथवा तरुण आहे, जागा अपुरी आहे आणि या विद्येचेच शिक्षण द्यावयाचे आहे, तेथे प्रथम दोन कार्डांचा प्रयोग करून पाहावा. तो सहा महिने निर्वेध चालला, तरच तिसऱ्या-चौथ्या बिऱ्हाडाचा विचार करावा. वाडा बांधण्यापूर्वी जमीन पाहावी, हा आपल्या वाडवडिलांचा शहाणपणा येथेही उपयोगी पडेल.