गळाला चायना ग्रास

भोकरदनच्या केळणा नदीत गळ टाकायचा तर गांडूळ किंवा कणकेची गोळी. मरळीसारखा शिकारी मासा मात्र हलत्या सावजावर झेपावतो, म्हणून हल्ली रबरी बेडूक, रबरी अळ्या आल्या. माशाच्या अंगावरची पार्श्वरेखा पाण्यातली थरथर टिपते. गढूळ पाण्यातही वळवळणारं शेपूट त्याला कळतं ते यामुळे.

ही आमिषं घरी ओतणारे हौशी लोक प्लास्टिसॉल वापरतात. म्हणजे पीव्हीसीची भुकटी आणि तिला मऊ करणारं तेलकट द्रव्य. साधारण १७५ अंशांना भुकटीचे कण ते द्रव्य पिऊन फुगतात, एकजीव होतात आणि थंड झाल्यावर लवचिक रबर मिळतं. तापमान २००च्या पुढे गेलं की पीव्हीसी करपतं आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो. साचा ओलसर असेल तर पाण्याची वाफ होऊन उकळतं प्लास्टिक अंगावर उडतं. स्वयंपाकघरात हा उद्योग नकोच! शिवाय तुटून पाण्यात पडलेला तुकडा कुजत नाही.

मग जिलेटिन? ते पस्तीसेक अंशांनाच पातळ होतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पिशवीतच त्याचं सरबत होईल. चायना ग्रास बरं. समुद्री शेवाळापासून बनणारं हे अगर चाळीसच्या खाली घट्ट होतं, पण पुन्हा वितळायला सुमारे ८५ अंश लागतात. नुसतं अगर कडक, ठिसूळ होतं. थोडं ग्लिसरीन घातलं की वाकतं. प्लास्टिकइतकं ते टिकणार नाही, दर खेपेला नवं ओतावं लागेल. तरी सुरुवात यानेच करा.