सेनापती नॉक्सचा डावा हात

तैलचित्र पाहावयाचे म्हणजे आधी चेहरा पाहावयाचा, ही आपली सवय. आज आम्ही श्रोत्यांना एका चित्रातील हात पाहावयास सांगणार आहोत. हे चित्र गिल्बर्ट स्टुअर्ट या चित्रकाराने १८०६ च्या सुमारास काढले. ते बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. चित्रातील गृहस्थ हेन्री नॉक्स. वॉशिंग्टनच्या तोफखान्याचे ते प्रमुख होते व पुढे त्याच्याच मंत्रिमंडळात युद्धमंत्री झाले.

अंगावर लष्करी पोशाख, धिप्पाड देह आणि डावा हात तोफेवर टेकलेला. पाहणाराला त्यात रुबाब दिसतो. परंतु त्या हाताची दोन बोटे १७७३ साली शिकारीतील अपघातात गेली होती. एरवी नॉक्स तो हात रुमालात गुंडाळीत असे. स्टुअर्टने तो तोफेवर असा ठेवला की, व्यंग झाकावे आणि कर्तबगारी दिसावी.

ही कर्तबगारी खरीच होती. घरच्या गरिबीमुळे नॉक्सची शाळा लहानपणीच सुटली व तो पुस्तकांच्या दुकानात नोकरीस लागला. तोफांची विद्या त्याने पुस्तके वाचून मिळविली. १७७५-७६ च्या हिवाळ्यात त्याने टायकोंडेरोगाच्या किल्ल्यावरील सुमारे ६० तोफा बर्फातून, बैल व घोडे जोडलेल्या घसरगाड्यांवरून, जवळजवळ ३०० मैल आणविल्या. त्या डॉर्चेस्टरच्या टेकड्यांवर चढताच मार्च १७७६ मध्ये इंग्रजांना बोस्टन सोडावे लागले.

आता छातीवरील गरुडाचे पदक पाहा. ते सिनसिनाटी संघाचे. हा संघ १७८३ साली नॉक्सच्याच पुढाकाराने निघाला. सभासदत्व अधिकाऱ्यांपुरते, आणि तेही वंशपरंपरागत. साध्या शिपायाला तेथे प्रवेश नव्हता. शिपायांच्या हाती थकलेल्या पगाराचे कागद पडले, आणि पोटासाठी अनेकांनी ते सट्टेवाल्यांना मातीमोलाने विकले. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकरी डॅनियल शेजच्या मागे उठले. त्यांत असे जुने शिपाई पुष्कळ होते. त्या बंडाने धास्तावून वॉशिंग्टनला पत्र लिहिणारा नॉक्सच होता. पुढे तो मेनमध्ये अफाट जमिनीचा मालक झाला आणि तेथील गरीब वसाहतवाल्यांशी त्याचे तंटे जुंपले. अखेर १८०६ मध्ये तो मरण पावला, तोही कर्जात बुडालेला.

दुकानात राबून शहाण्या झालेल्या नॉक्सबद्दल आम्हां कामगार कार्यकर्त्यांना आपुलकी वाटते. म्हणूनच ते पदक आम्हांस खटकते. बर्फात घसरगाड्या हाकणारांपैकी एकही माणूस या चित्रात नाही. चित्रकाराचा त्यात दोष नाही. ज्याचे चित्र, तोच त्यात यावयाचा. चित्रात न आलेल्यांची आठवण ठेवणे हे पाहणाराचे काम आहे.