जुनी पद्मिनी: दुरुस्ती आणि किंमत

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने आधी अमेरिकन क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज आणि प्लिमथ, तर पुढे फियाट गाड्या कुर्ल्याच्या कारखान्यात बांधल्या. त्यातलीच फियाट ११०० पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, मागच्या चाकांना ताकद आणि स्टिअरिंगलगतचा गिअर ही तिची ओळख.

गंज: पालघर, बोईसर, तारापूर पट्ट्यात खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्र्याचा शत्रू ठरतो. या गाडीला वेगळी चासी नाही. बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे दाराखालचा पत्रा, फ्लोअर आणि चाकांवरच्या कमानी आधी तपासाव्यात. कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करावा. नुसती लांबी भरून रंग मारल्यास गंज आतून वाढतच राहतो.

इंजिन: कार्ब्युरेटर साफ करणे, पॉइंट आणि टॅपेट सेट करणे ही कामे जुन्या मिस्त्रीला साध्या अवजारांनी जमतात. सायलेन्सरमधून निळा धूर येणे म्हणजे इंजिन ऑइल जळण्याची खूण.

किंमत: शाबूत पत्रा, मूळ इंजिन, मूळ क्रोम आणि चोख आरसी यांवर भाव ठरतो. चासी व इंजिन क्रमांक आरसीशी जुळलेच पाहिजेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते. मात्र ती रोजच्या वापरासाठी नसते.