धार पडतेय, तरी इंजिन तापतंय : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण जोतिबाच्या घाटात थांबलो होतो. चैत्र यात्रेच्या गर्दीत मुंगीच्या पावलाने चढणाऱ्या गाड्या बॉनेट उघडून कडेला का उभ्या राहतात, वारा न लागलेल्या रेडिएटरची काय गत होते आणि वाडी रत्नागिरीला, म्हणजे सुमारे ३१०० फुटांवर, उघड्या भांड्यातलं पाणी ९७ अंशांच्या आसपासच का उकळतं, हे पाहिलं. तेव्हा एक प्रश्न हाती लागला होता : गाडी तापते कधी? उभ्या-उभ्या तापत असेल तर आधी पंखा बघायचा. चढावर जोर लावला की तापत असेल तर संशय रेडिएटरच्या बुजलेल्या नळ्यांवर आणि पाणी फिरवणाऱ्या पंपावर. पाना हातात घेण्याआधी एवढं विचारलं तरी निम्मं काम होतं. आज हाच प्रश्न घेऊन डोंगर उतरायचा आहे.

डोंगराखाली, कोल्हापूरजवळ, चिखली-आंबेवाडी. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट धरतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि या गावांना वेढा पडला. माणसं बाहेर काढली ती रबरी बोटींनी. त्या बोटींच्या पाठीला लटकलेलं इंजिन हा आजचा विषय. आउटबोर्ड मोटर म्हणतात त्याला, कागदोपत्री आणि बोलण्यातही ओबीएम.

या इंजिनाला रेडिएटर नसतो. नदी हाच त्याचा रेडिएटर. गावाकडच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. नदीकाठी डिझेल इंजिनावर पाणी उपसत, तेव्हा पंपाच्या पाण्यातलीच एक बारीक नळी इंजिनाला जोडलेली असे. नदीचं गार पाणी इंजिनाच्या अंगातून फिरून कोमट होऊन बाहेर पडे आणि म्हातारा शेतकरी त्या धारेखाली हात धरून इंजिनाची तब्येत ओळखे. बोटीत तेच आहे, फक्त सगळं एका उभ्या दांड्यात कोंबलेलं. खाली बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या जरा वर, गिअरच्या डब्याला जाळीदार फटी असतात. तिथून पाणी आत येतं. वर इंजिनातून खाली येणाऱ्या उभ्या शाफ्टवर रबरी पात्यांचं एक चाक बसवलेलं असतं, त्याला इम्पेलर म्हणतात. ते पाणी वर ढकलतं. पाणी सिलिंडरभोवती, हेडभोवती फिरतं, थर्मोस्टॅटमधून, म्हणजे तापल्यावर उघडणाऱ्या झडपेतून, सुटतं आणि बहुतेक सगळं धुरासोबत खाली नदीत जातं. त्यातली थोडी धार मात्र मुद्दाम बाहेर दिसेल अशी सोडलेली असते, इंजिनाच्या मागच्या अंगाला. बोट चालवणाऱ्याची नजर तिच्यावर असते, आणि असायलाच हवी.

पण ही धार पुरतं खरं बोलत नाही.

धार पडते याचा अर्थ पंप पाणी वर आणतोय, इतकाच. पुष्कळ इंजिनांत ती थर्मोस्टॅटच्या अलीकडूनच काढलेली असते. थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला, तर धार छान पडते आणि आत हेड भाजत राहतं. उलटही होतं. धार थांबली की लोक घाबरतात, आणि पुष्कळदा इंजिनाला काही झालेलं नसतं. वर्षभर गोदामात पडलेल्या मोटरच्या धार सोडणाऱ्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं असतं, किंवा वाळूचा एखादा खडा अडकलेला असतो. म्हणून धार दिसेना की इंजिन बंद करून पहिलं काम एकच, भोकात बारीक तार किंवा गळाचा जाड नायलॉन दोरा घालून बघायचं. धार सुटली तर विषय संपला.

नाही सुटली, तर खालच्या जाळीकडे. पंचगंगेत हा प्रकार रोजचाच. जलपर्णी, प्लास्टिकच्या पिशव्या, पुरात वाहून आलेल्या उसाच्या पाचटाचे झुपके. इंजिन बंद करून मोटर वर उचलायची आणि हाताने जाळी साफ करायची. उचलायला जागा नसेल तर क्षणभर रिव्हर्स टाकून बघावं, चिकटलेली पिशवी कधी कधी सुटते.

इथपर्यंतचं कुणालाही जमतं. यापुढे तो घाटातला प्रश्न. हळू चालताना तापतं आणि वेग घेतला की बरं होतं? मग इम्पेलर झिजलाय. मंद फिरताना त्याची पाती भिंतीला नीट टेकत नाहीत, जोरात फिरलं की कसंबसं पाणी चढतं. हळू चालताना ठीक, जोर लावला की तापतं? मग पाणी येतंय पण पुरत नाही. जाळी अर्धी बुजलेली, आतल्या वाटेत गाळ, किंवा इम्पेलरचं एखादं पातं तुटून पुढे कुठेतरी अडकलेलं. जोरातच तापण्याचं आणखी एक कारण रबरी बोटींत हटकून सापडतं. मोटर मागच्या फळीवर जास्त उंच बसवलेली असते, किंवा बोटीत हवा कमी भरल्याने ती फळी डगमगते. मग जाळी पाण्याबाहेर डोकावते आणि पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. धार फुरफुर करत, तुटत-तुटत पडायला लागली की हेच समजावं. आणि दोन्ही वेळा तापतं, धार मात्र दणकून? मग थर्मोस्टॅट काढा. तो तपासायला वर्कशॉप लागत नाही. पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याने लटकवायचा, सोबत थर्मामीटर. आउटबोर्डमधले थर्मोस्टॅट गाडीपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला उघडतात, साधारण ५० ते ६० अंशांच्या दरम्यान, कारण नदी-समुद्राचं पाणी फार तापलं तर त्यातले क्षार आतल्या भिंतींवर थर धरतात. नेमका आकडा त्या मोटरच्या पुस्तिकेत बघावा. पाणी ८० अंशांवर जाऊनही तो मिटलेलाच राहिला, तर बदला.

हेडचं तापमान मोजायला लांबून रोखायची इन्फ्रारेड बंदूक उत्तम. कोरोनात घरोघरी आलेली कपाळाची बंदूक मात्र चालत नाही, तिची मजल माणसाच्या तापापुरतीच.

आता इम्पेलर, कारण खरी गंमत आणि खरा खर्च तिथेच आहे. हे रबरी चाक डब्याच्या मधोमध नाही, जरा एका बाजूला सरकून फिरतं, म्हणजे एका बाजूची पाती दबलेली आणि दुसऱ्या बाजूची सरळ. हेच दबणं-सुटणं पाणी ओढतं. त्या पात्यांना वंगण कशाचं? पाण्याचंच. म्हणून मोटर कोरडी चालवायची नाही, ‘जरा सुरू होते का बघू’ म्हणूनही नाही. मिनिटभराच्या आत रबर भाजतं. दुसरा शत्रू गाळ. पुराचं पाणी म्हणजे पातळ केलेला चिखलच. उथळात, बुडालेल्या शेतांवरून बोट नेताना जाळी थेट मातीतूनच पिते, आणि तो गाळ पात्यांची कड आणि डब्याची आतली भिंत घासत राहतो. तिसरा शत्रू आराम. महिनोन्‌महिने एका जागी दबून राहिलेली पाती तशीच वाकडी होऊन बसतात. पूरबोटीच्या नशिबात हे तिन्ही एकदम येतात : अकरा महिने गोदाम, मग एकदम गाळ. इम्पेलर बदलताना जुन्याची पाती मोजा. एखादं कमी भरलं तर तो तुकडा वरच्या वाटेत आहे, आणि तो शोधून काढल्याशिवाय नवं चाक बसवण्यात अर्थ नाही. सोबतची खालची पट्टी आणि डबा नखाने चाचपून बघा. चरे लागले तर तेही बदला. उद्यमनगरातल्या मिस्त्रीला हे सांगायची गरज नाही, पण ‘फक्त रबर टाका’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आहे.

पावसाळ्यापूर्वी नदीवर किंवा रंकाळा तलावावर बोटींची प्रात्यक्षिकं होतात. ती चांगलीच, पण स्वच्छ, शांत पाण्यात रिकामी बोट पाच मिनिटं फिरवली की इंजिन सुरू होतं एवढंच कळतं. माझं मत विचाराल तर माणसं भरून, थ्रॉटल पुरता उघडून, वीस मिनिटं चालवावं आणि मग हेडचं तापमान घ्यावं. भरलेली बोट पाण्यात खोल बसते, वेग घेत नाही, इंजिन मात्र पुऱ्या ताकदीने राबतं. चिखलीत जे होणार ते तिथेच दिसेल.

आणि पाण्यावर असतानाच इंजिन तापल्याचा बझर वाजला तर? थ्रॉटल लगेच कमी करा, वळून धार बघा. धार नसेल तर इंजिन बंद, वल्ही बाहेर. प्रवाहात असाल तर आधी झाड, खांब, काहीतरी धरा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. अर्धा तास निवू द्यावं. टू-स्ट्रोक इंजिन तापून पिस्टन धरला असेल, तर दोरी ओढूनही हलत नाही. तेव्हा ताकद लावत बसू नये.

पूर ओसरल्यावर मोटर धुणं हे बहुतेक ठिकाणी राहून जातं. पिंपात जाळी बुडेल इतकं स्वच्छ पाणी भरून, मंद गतीवर दहा-पंधरा मिनिटं चालवा, बाहेर पडणारं पाणी नितळ दिसेपर्यंत. पिंपात वेग वाढवायचा नाही. मग मोटर उभीच ठेवा, आतलं पाणी निथळून जाईल. धारेच्या भोकावर कापडाची चिंधी बांधा. कुंभारणीला दुसरी जागा बघू दे.

पुढच्या आठवड्यात रत्नागिरीला, मिरकरवाड्याच्या धक्क्यावर. तिथल्या ट्रॉलरचं डिझेल इंजिन समुद्राचं पाणी स्वतःच्या अंगात घेतच नाही, मध्ये एक हीट एक्स्चेंजर ठेवतं, आणि त्यात जस्ताचा एक तुकडा मुद्दाम झिजायला बसवलेला असतो.