कृष्णाकाठची स्मारके कशी पाहावी?

नदीच्या काठी स्मारके का असतात, असे विचारले तर 'जागा रम्य असते म्हणून' असे उत्तर बहुधा मिळते. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. आपल्याकडे बहुतेक गावांची स्मशाने पाण्याजवळ असतात. दहन करावे आणि रक्षा पाण्यात सोडावी, हा जुना परिपाठ. त्यामुळे मोठा माणूस गेला म्हणजे त्याची आठवण पहिल्याप्रथम पाण्याच्या काठीच रुजते. १९२० साली लोकमान्यांना मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर अग्नी दिला गेला. पुतळा मागाहून आला. १९४८ साली दिल्लीला यमुनाकाठचा राजघाट आणि १९५६ साली दादरच्या समुद्रकाठची चैत्यभूमी यांची जन्मकथाही हीच आहे. बागा, कठडे आणि दिवे हे सारे नंतरचे. मूळ गोष्ट एवढीच की तेथे एक चिता पेटली होती आणि तिच्याभोवती लोक उभे होते.

हे ध्यानात ठेवून सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतला कृष्णाकाठ पाहू लागलो, म्हणजे तो वेगळाच दिसतो. प्रवाहाबरोबर वरून खाली यावे, हा क्रम आम्हांला सोयीचा वाटतो.

पहिला मुक्काम वाई. येथे थोर पुरुषाची समाधी पाहायची नसून नदीकाठी बांधावे कसे, हे शिकायचे आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली घाटावर बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ सर्वांच्या परिचयाचे आहे. भाविक पुढून दर्शन घेतात आणि परततात. आमची विनंती अशी, की देवळाला वळसा घालून मागची भिंत अवश्य पाहावी. ती सरळ नाही. माशाच्या आकाराची, निमुळती आहे. पुराचे पाणी येऊन आदळले तर ते दुभंगावे आणि दोन्ही अंगांनी निघून जावे, ही त्यातली योजना. बांधणाऱ्याने नदीला अडविले नाही, तिला वाट करून दिली. घाटाच्या पायऱ्यांचेही तेच. उन्हाळ्यात पाणी खाली गेले तर माणूस चार पायऱ्या जास्त उतरतो, पावसाळ्यात पाणीच वर येते. दोघांचीही सोय त्याच दगडांनी होते.

दुसरा मुक्काम माहुली. साताऱ्याच्या पूर्वेस सुमारे पाच किलोमीटरांवर कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम आहे. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधलेले विश्वेश्वराचे देऊळ आणि त्याच्या भोवतीचे घाट पाहणाऱ्याला खिळवून ठेवतात. न्यायनिष्ठुर म्हणून प्रसिद्ध असलेले रामशास्त्री प्रभुणे माहुलीचेच. परंतु स्मारकांच्या दृष्टीने माहुलीचे महत्त्व आणखी आहे. सातारच्या राजघराण्याची ही दहनभूमी. १७४९ साली निवर्तलेले थोरले शाहू छत्रपती आणि १७६१ साली निवर्तलेल्या महाराणी ताराबाई, या दोघांच्याही समाध्या येथे नदीकाठी आहेत. ज्यांच्यातल्या वादामुळे मराठी राज्याच्या दोन गाद्या झाल्या, ती दोघे एकाच वाळवंटाच्या आसऱ्याला आहेत. शाहू महाराजांच्या आवडत्या कुत्र्याचेही स्मारक येथे दाखवितात. त्याने महाराजांचे प्राण वाचविले, असे सांगतात. नवखा प्रवासी येथे थोडा निराश होतो. त्याच्या मनात भव्य छत्र्या असतात, आणि समोर पुराच्या गाळाने आणि काळाने झिजविलेले साधे दगड दिसतात. म्हणून माहुलीला जाण्यापूर्वी इतिहासाची चार पाने वाचून जावे. येथले दगड आपण होऊन फारसे बोलत नाहीत.

तिसरा मुक्काम कऱ्हाड. उत्तरेकडून येणारी कृष्णा आणि तिच्या थेट समोरून येणारी कोयना येथे गळाभेट घेतात, आणि मग एक होऊन पूर्वेला वळतात. एरवी एक नदी दुसरीला कडेने येऊन मिळते. असा समोरासमोरचा संगम विरळा, म्हणूनच त्याला प्रीतिसंगम हे नाव शोभते. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचा देह २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत पडला. अंत्यसंस्कार मात्र या संगमावर झाले. आज तेथे समाधी आहे, शेजारी बाग आहे, कृष्णाबाईचा घाट आहे. पुण्यतिथीला राज्यभरातून माणसे येतात. पण आमच्या मते ही जागा पाहावी ती एखाद्या साध्या दिवशी, सायंकाळी. एका बाजूला कोणी हात जोडून उभा असतो, दुसऱ्या बाजूला मुले खेळत असतात, घाटावर बायाबापड्या दिवा सोडतात. स्मारक, उद्यान आणि तीर्थ ही तिन्ही येथे एकमेकांची अडचण करीत नाहीत.

चौथा मुक्काम सांगली. येथे प्रथम १९२९ सालच्या आयर्विन पुलावर जावे. या पुलापाशी नदीची पातळी मोजतात; चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीस फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले आणि निम्मे शहर होड्यांतून वावरले. २००५ आणि २०२१ सालच्या पुरांच्या आठवणीही ताज्याच आहेत. या कृष्णेच्या काठीच वसंतदादा पाटील यांची समाधी आहे. दादा १ मार्च १९८९ रोजी निवर्तले. पण त्यांचा आणि या काठाचा संबंध त्याच्याही आधीचा. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून दादा आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. त्या दिवशी अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मे झाले. दादा खांद्याला गोळी लागून पकडले गेले. समाधीपुढे उभे राहताना या दोन नावांचाही उच्चार व्हावा, एवढे ऋण आपल्यावर आहे.

सांगलीहून हरिपूर जवळच. कृष्णा-वारणेच्या संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे. नाटककार गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या 'संगीत शारदा'शी लोक येथल्या एका पाराचे नाते सांगतात. बालाजरठ विवाहाविरुद्ध महाराष्ट्राला हलविणाऱ्या नाटकाची आठवण जपायला एका पारावाचून दुसरे काही लागले नाही.

आता प्रश्न असा, की पुढच्या पिढीला हा काठ मिळणार कसा? स्मारकावरचे प्रेम दाखवायचे म्हणून आपण काठावर भिंती चढवितो, फरशा घालतो, पात्रात भराव टाकतो. नदी तो भराव विसरत नाही. पुरात तेवढेच पाणी ती समोरच्या वस्तीत शिरविते. दुसरीकडे ज्या पाण्यात आपण अस्थी सोडतो, त्यातच गावाचे सांडपाणी सोडायला आपल्याला संकोच वाटत नाही. म्हणजे वर्षातून एक दिवस हार घालायचा आणि उरलेले दिवस त्या माणसाच्या पायाशी घाण वाहवायची, असा हा व्यवहार झाला.

जुन्या मंडळींची रीत निराळी होती. वाईत घाटाघाटांचे कृष्णाबाईचे उत्सव होतात, ते नुसते नैवेद्यासाठी नाहीत. उत्सव येणार म्हणजे घाट झाडावा लागतो, गाळ काढावा लागतो, निखळलेला दगड बसवावा लागतो. पूर येणारच, हे गृहीत धरून दरवर्षीची ही निगा होती. आमची सूचना म्हणून लहानशीच आहे. दिवाळीनंतर शाळांच्या सहली निघतात, त्यांत एक दिवस या चार मुक्कामांपैकी जवळच्या एका ठिकाणी जावे. अर्धा दिवस पाहावे, ऐकावे. अर्धा दिवस हाती खराटा घ्यावा. समाधीच्या पायऱ्यांवरचा गाळ स्वतः काढलेल्या मुलाला तेथे कोण निजले आहे, हे पुन्हा सांगावे लागणार नाही.