शिक्क्याची मुशाफिरी

मुदखेड गाव आकाराने लहान, परंतु रेल्वेचे जंक्शन. त्यामुळे येथील माणसाला घराबाहेर पाऊल टाकतानाच दिशेचा निर्णय करावा लागतो. एक रूळ नांदेडवरून मनमाड आणि मुंबईकडे जातो, दुसरा उमरी-धर्माबाद मागे टाकून निजामाबादमार्गे हैदराबाद गाठतो, आणि तिसरा किनवटच्या रानातून आदिलाबादकडे वळतो. तीर्थाला, बाजाराला किंवा सोयरिकीला निघालेल्या माणसाची दिशा त्याचे प्रयोजनच ठरवून देते; पण ज्याला परमुलखात चाकरी करण्याचा परवाना हवा आहे, किंवा हाती असलेल्या परवान्याची मुदत सरत आल्यामुळे तो नव्याने उठवून घ्यावयाचा आहे, त्याचा प्रवास निराळ्या जातीचा असतो. ज्या गावी तो जातो ते गाव त्याला पाहावयाचे नसते, तेथे बहुधा त्याचे कोणी नसते, आणि काम उरकल्यावर क्षणभरही थांबण्याची त्याची इच्छा नसते; तरीही ते गाव कोणते असावे यावर घरात महिनोन्महिने खल चालतो. आमच्या भागातील तीन-चार पिढ्यांनी केलेला हा खल आता मागे वळून पाहावा, इतका जुना झाला आहे.

निजामी अंमलात प्रश्न पुष्कळसा सोपा होता, कारण उत्तर एकच होते : हैदराबाद. रियासतीत सरकारी चाकरी हवी तर उमेदवार मुलकी असावा लागे, आणि १९१९ च्या नियमांनी बाहेरून आलेल्यास पंधरा वर्षांच्या कायम वास्तव्याची अट घातलेली होती. आमच्याकडचा रहिवासी जन्मानेच मुलकी, म्हणून त्याला वर्षे मोजून दाखविण्याचे कारण नव्हते. दरखास्त उर्दूत लिहून देणाऱ्या मुनशीची मनधरणी मात्र त्यालाही चुकत नसे. उत्तरेस पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा कारभार. तिकडे जाणाऱ्याला सात हाली रुपयांचे सहा कलदार मिळत आणि मालावर करोडगिरी द्यावी लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी संपली, १९५२ मध्ये मुलकीच्याच प्रश्नावरून हैदराबाद शहर पेटले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्या दिवसापासून आमच्या कागदांची तोंडे पश्चिमेला फिरली.

पश्चिमेला मुंबई होती आणि मुंबईच्या पलीकडे आखात. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, वाळवंटात शहरे उभी राहू लागली, आणि नांदेड, देगलूर, उदगीर या भागांतून गवंडी, सुतार, वाहनचालक, पुढे वातानुकूलन यंत्रांचे कारागीर तिकडे जाऊ लागले. एक मार्ग मुंबईतील दलालामार्फत रीतसर करार करून जाण्याचा होता. दुसरा, धाडसाचा, म्हणजे भेटीच्या व्हिसावर दुबई किंवा शारजाला उतरावे, ओळखीपाळखीने काम शोधावे, आणि काम लागले की मालक नोकरीचा व्हिसा काढीपर्यंत देशाबाहेर पडून नव्या कागदावर पुन्हा आत यावे. या बाहेर पडण्याला तिकडची आमची माणसे ‘व्हिसा चेंज’ म्हणत. त्यासाठी मुंबईला परत यावे तर भाडे परवडत नसे, शिवाय घरी येऊन रिकाम्या हाताने बसण्याची लाज वेगळीच. म्हणून जवळात जवळची परकी भूमी शोधली जाई. कोणी अल ऐनला लागून असलेल्या ओमानच्या बुरैमी गावी जाई, आणि फार मोठा समुदाय जाई तो इराणच्या किश बेटावर.

किश हे इराणी आखातातील सुमारे नव्वद चौरस किलोमीटरांचे प्रवाळी बेट. इराण सरकारने तेथे मुक्त व्यापारक्षेत्र केल्यामुळे चौदा दिवस राहण्यास आधी व्हिसा घ्यावा लागत नसे, आणि या एका सवलतीमुळे ते बेट हिंदी, फिलिपिनो, बांगलादेशी आणि आफ्रिकी चाकरमान्यांची प्रतीक्षाशाळा होऊन बसले. विमान अर्ध्या-पाऊण तासात पोहोचे. परत येण्यास दोन दिवस लागतील की महिना, हे कोणालाच सांगता येत नसे, कारण शारजाहून मंजुरीचा कागद फॅक्सने आल्याशिवाय विमानात घेत नसत. येथील एक गवंडी त्या बेटावर काही आठवडे राहून आला होता. किश कसे आहे, असे मी त्याला विचारले, तेव्हा एका खोलीत सहा खाटा, उशाखाली पारपत्र, आणि संध्याकाळी नावांची यादी वाचली जाताना कोणाचे नाव चुकीचे उच्चारले गेले तर दोघे-तिघे एकदम उठून उभे राहत, एवढेच त्याने सांगितले. समुद्र पाहिलास का, या प्रश्नावर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, मी पुढे काही विचारले नाही.

१० फेब्रुवारी २००४ रोजी किशहून निघालेले किश एअरचे फॉकर ५० जातीचे विमान शारजाला उतरता उतरता कोसळले. त्यातील ४६ जणांपैकी ४३ मरण पावले. प्रवाशांत डझनाहून अधिक देशांचे लोक होते, आणि त्यांतील पुष्कळजण व्हिसा बदलून परतणारे कामकरी होते. चौकशीत दोष निघाला तो उड्डाणातच पंख्यांची पाती जमिनीवरच्या स्थितीत नेली गेल्याचा. अर्थात तो वैमानिकी दोष होता, व्हिसाच्या नियमाचा नव्हे. परंतु केवळ एक कागद बदलावा म्हणून चांगले काम करणाऱ्या माणसाला सरहद्दीबाहेर काढून पुन्हा आत घ्यावयाचे, या रिवाजावाचून त्यांतील कितीतरीजण त्या विमानात बसलेच नसते, ही गोष्ट कोणत्याही चौकशीच्या कक्षेत येत नाही. करोनाच्या दिवसांत अमिरातीने देशात राहूनच व्हिसा बदलू दिला होता. त्याअर्थी हा रिवाज अपरिहार्य नव्हता, हे तेथील सरकारलाही ठाऊक असले पाहिजे.

गावातील शिकलेल्या मुलांची वाट वेगळी. नांदेडला १९८१ मध्ये गुरू गोविंदसिंगजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, १९९० च्या कायद्याने अमेरिकेत एच-१बी हा प्रकार अस्तित्वात आला, आणि शतक सरता सरता संगणकाच्या निमित्ताने आमच्याही घरांतून मुले टेक्सास आणि न्यू जर्सीला पोहोचली. तेथील नियमाचा एक चमत्कारिक भाग असा की, नोकरी करण्याचा अधिकार एका कागदावर चालतो आणि सरहद्दीतून आत येण्याचा अधिकार पारपत्रावरच्या शिक्क्यावर. पहिला तेथेच बसून वाढविता येतो, दुसऱ्यासाठी देशाबाहेर जावे लागते. पूर्वी तसे नव्हते. पारपत्र टपालाने सेंट लुईसला धाडले की काही आठवड्यांनी नवा शिक्का उठून परत येई. अंगुलिमुद्रा घेण्याचे बंधन आल्यामुळे १६ जुलै २००४ नंतर ही सोय बंद झाली, आणि तेव्हापासून कोठे जावे हा प्रश्न मुदखेडच्या ओसरीवर आला.

तीन पर्याय असत : मेक्सिकोतील तिहुआना किंवा सिउदाद हुआरेस, कॅनडातील टोरांटो किंवा व्हँकूव्हर, नाहीतर मायदेश. तिहुआना सॅन दिएगोहून हाकेच्या अंतरावर, दोन दिवसांत काम होई, रजा वाचे. कॅनडाला जावयाचे तर प्रथम कॅनडाचाच व्हिसा काढावा लागे. या हिशेबात मेक्सिकोचे पारडे जड दिसे. परंतु या पारड्यात एक अदृश्य धोंडा होता. शेजारच्या देशात तीस दिवसांहून कमी राहून आलेल्यास मुदत संपलेल्या शिक्क्यावरही परत येऊ देण्याची जी जुनी सवलत होती, ती १ एप्रिल २००२ पासून, तेथे नव्या व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यापुरती रद्द झाली होती. म्हणजे तिहुआनात अर्ज नामंजूर झाला किंवा २२१-जी या कलमाखाली तहकूब राहिला, तर सॅन दिएगोच्या दिव्यांकडे पाहत बसावे, नाहीतर तेथूनच परस्पर भारताचे विमान धरावे. भाड्याचे घर, मोटार, शाळेत घातलेले मूल, सारे कुंपणापलीकडे. होकार मिळणार असेल तर सगळी गावे सारखीच सोयीची असतात. खरी निवड नकार धरून करावी लागते, आणि नकार मिळाल्यावर जेथे आपल्याला कोणी ताटावर बसवील ते गाव, भाडे कितीही पडो, शेवटी स्वस्त ठरते. आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना इंग्रजी कलमे वाचता येत नव्हती, तरी ‘शिक्का घ्यायला घरीच ये’ हा त्यांचा आग्रह निव्वळ मायेचा नव्हता, हे मला फार उशिरा उमगले. निळा किंवा पिवळा कागद हाती देऊन परत पाठविलेली मुले येथे येऊन राहिली, रात्री भिंतीकडे तोंड करून अमेरिकेचे काम करीत राहिली, आणि दिवसा झोपलेल्या मुलाविषयी शेजाऱ्यांना काय सांगावे हा प्रश्न आयांनी आपापल्या परीने सोडविला.

मायदेशात तरी कोठे? महाराष्ट्राचा इलाखा मुंबईच्या वकिलातीकडे. ती ब्रीच कँडीला, वांकानेरच्या संस्थानिकांच्या जुन्या वाड्यात होती; पावसात फूटपाथवरच्या रांगेत उभे राहिलेल्या मराठवाड्यातील मुलाला शेजारी समुद्र आहे याची जाणीव छत्री उलटल्यावरच होई. नोव्हेंबर २०११ मध्ये ती वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. तत्पूर्वीच, २००८ मध्ये, हैदराबादेत अमेरिकी वकिलात उघडली आणि पुढल्या वर्षी तेथे व्हिसाच्या मुलाखती सुरू झाल्या. जागा होती बेगमपेठेतील पायगा पॅलेस. निजामाच्या या बड्या सरदार घराण्याचे नाव येथील म्हाताऱ्यांच्या कानांवरून गेलेले होते. ज्यांचे आजे चाकरीच्या दरखास्ती घेऊन हैदराबादेस जात, त्यांचे नातू पुन्हा चाकरीच्याच कागदासाठी त्याच शहरात पायगांच्या फाटकापाशी उभे राहिले. भारतातील कोणत्याही केंद्रात तारीख घेण्याची मुभा असल्यामुळे मुदखेडकरांनी मुंबई सोडली आणि अजिंठा एक्स्प्रेस धरली. २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेतील अगदी पहिल्या मार्गांत नांदेड-हैदराबाद विमानही सुरू झाले. पण मुलाखतीला जाणाऱ्याने उगाच घाई करू नये, अशा समजुतीने बरेचजण रेल्वेलाच चिकटून राहिले.

हैदराबादचे वेळापत्रक ठरलेले असे : आदल्या दिवशी अंगुलिमुद्रा आणि छायाचित्र, दुसऱ्या दिवशी मुलाखत, आणि या दोहोंच्या मध्ये उस्मानसागराकाठच्या चिलकूर बालाजीला अकरा प्रदक्षिणा, काम झाल्यावर एकशे आठ. छायाचित्र नांदेडहून काढून न्यावे तर दोन इंच बाय दोन इंच, मागे पांढरे कापड. नोव्हेंबर २०१६ पासून चष्माही चालेनासा झाला, तेव्हा छायाचित्रकाराच्या दुकानात लहानपणापासून चष्मा लावणारी मुले डोळे बारीक करून बसू लागली आणि छायाचित्रांत सर्वजण एकमेकांचे सख्खे भाऊ दिसू लागले.

करोनाने हा जम मोडला. ४ मे २०२१ पासून आधीच्या चौदा दिवसांत भारतात राहिलेल्यास, शिक्का वैध असूनही, अमेरिकेत प्रवेश बंद झाला. मग तिसऱ्या देशात चौदा दिवस काढून जाण्याची तोड निघाली आणि मेक्सिको, सर्बिया अशी नावे घरोघरी ऐकू येऊ लागली. बेलग्रेड हे गाव माझ्या पिढीला ठाऊक होते ते १९६१ च्या अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेमुळे. नेहरू आणि टिटो जेथे बसले, तेथे आमच्या ओळखीच्या घरची सून दोन लेकरांना घेऊन खानावळीच्या खोलीत चौदा दिवस मोजीत बसेल, असे कोणाच्या स्वप्नात आले नसते. २०२४ च्या आरंभी अमेरिकेतच शिक्का नव्याने उठविण्याचा प्रयोग झाला. मर्यादा २०,००० अर्जांची, आणि अटी अशा की, येथील फार थोड्यांना त्याचा लाभ मिळाला. सेंट लुईसचा जमाना परत येतो आहे असे वाटून काहींनी घरी येण्याचे बेत लांबणीवर टाकले. प्रयोग पुढे चालला नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये हुकूम निघाला की, अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा रहिवासाच्या देशातच मुलाखत द्यावी. तिहुआना आणि टोरांटो त्याबरोबर मिटले; कॅनडातच स्थायिक असलेल्यांची गोष्ट वेगळी. निवड उरली ती देशातल्या देशात. त्यात १५ डिसेंबरपासून अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची छाननी सुरू झाली आणि त्या महिन्यात भारतात ठरलेल्या कित्येक मुलाखती एकदम मार्च २०२६ किंवा त्याहून पुढे ढकलल्या गेल्या. लग्नसराईसाठी तीन आठवड्यांच्या रजेवर आलेली मुले येथेच अडकली. आता आमच्याकडे कोणाच्या मुलाचे येणे ठरले की, दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबाद या पाचांपैकी कोठली तारीख लौकर आहे एवढेच पाहिले जाते. आणि ती कोलकात्याची निघाली, तर हैदराबादेला जाऊन तेथून पुढची गाडी धरावी की विमानच करावे, याचा विचार करीत मंडळी पंचांगाऐवजी रेल्वेचे वेळापत्रक उघडतात.