मोहोर झाड भरून, आंबे मात्र मोजके : असं का होतं?

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गात आपल्यापैकी बऱ्याच घरांची आंब्याची चार कलमं तरी असतातच. आणि दर हंगामात एक तक्रार ठरलेली : "मोहोर एवढा आला, पण फळ धरलंच नाही." ढगाळ हवा, तुडतुडे, अवकाळी पाऊस ही कारणं आहेतच. पण अर्धं उत्तर फुलातच दडलेलं आहे.

मोहोराच्या एका तुऱ्यात शेकडो, कधी हजारांनी फुलं असतात. ती सगळी सारखी नसतात. काही फुलं निव्वळ नर. ती पराग देतात, फळ देऊ शकत नाहीत. काही फुलं द्विलिंगी, म्हणजे त्यांत पराग देणारा पुंकेसर आणि फळ होणारा बीजांडकोश दोन्ही असतात. आंबा फक्त याच फुलांतून होतो, तोही पराग तिथपर्यंत पोचला तरच. पुढे वाटाण्याएवढ्या कैऱ्याही गळतात, कारण झाडाला तेवढी फळं पोसता येत नाहीत. शंभरातलं एक फूलही आंब्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे थोडी गळ दिसली की लगेच घाबरू नये.

मग पराग नेतं कोण? आंब्याचा पराग चिकट असतो, वाऱ्यावर फारसा जात नाही. हे काम मुख्यतः माश्या करतात. घरात आपण ज्यांना हाकलतो, तसल्याच माश्या. सोबत मधमाश्याही असतात.

खरी अडचण इथेच येते. तुडतुडे मारायला भर फुलोऱ्यात कीटकनाशक फवारलं, तर तुडतुड्यांबरोबर हे मजूरही मरतात. म्हणून फवारणी बोंगे फुटताना, फुलं उमलण्याआधी करावी. फुलोऱ्यात अगदीच गरज पडली तर कृषी सहायकाला विचारून, माश्यांची वर्दळ थांबल्यावर संध्याकाळी करावी.

दुसरी गोष्ट : हापूसला स्वतःच्या परागाने फळ कमी धरतं. बागेत एखादं केसर किंवा रत्ना असेल तर फायदा होतो. रत्ना ही जातच नीलम आणि हापूस यांच्या संकरातून कोकणात तयार झाली, १९८१ साली. कोयीपासून लावलेलं रोप आईसारखं का निघत नाही, तेही यातून कळतं. बियाण्यात दुसऱ्या झाडाचा पराग मिसळलेला असतो. कलमात तसं होत नाही, म्हणून हापूसचं कलमच लावतात.

आता शेजारचा काजू बघा. आपण ज्याला फळ म्हणतो तो बोंडू खरं फळ नाहीच, तो फुलाचा फुगलेला देठ. खरं फळ म्हणजे खाली लटकणारी बी. आंब्यात मात्र साल, गर आणि कोयीचं कवच, सगळं बीजांडकोशातूनच बनतं.

दिसायला इतके वेगळे, तरी आंबा आणि काजू एकाच कुळातले. बिब्बा, चारोळी, पिस्ता हेही त्यातलेच. बिब्बा अंगावर उठतो, काजूच्या टरफलाचं तेल भाजतं आणि आंब्याच्या चिकाने ओठांना फोड येतात, हा त्या कुळाचाच गुण. म्हणून मुलांना आंबा देण्याआधी देठाकडचा चीक काढून नीट धुवावा, आणि कच्च्या काजूबिया फोडताना हाताला तेल लावावं.

यंदा मोहोर आला की दुपारी झाडाखाली दोन मिनिटं उभं राहून बघा. माश्या घोंघावत असतील तर समजा, काम चालू आहे. त्यांना करू द्या.